घरातील एमसीबी वारंवार पडत असल्यास कारण कसे शोधावे

इंदूरच्या रामबागेतील आमच्या जुन्या दुमजली घरात नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, आणि ते आले की अंगणातील हौदातून गच्चीवरच्या टाकीत चढवण्यासाठी एक अश्वशक्तीची मोटर लावावी लागते. गेल्या वर्षी भाद्रपदात असे होऊ लागले की मोटरीचे बटण दाबताच सगळ्या घराची वीज जाई. डीबीतील, म्हणजे घरातील खटक्यांच्या पेटीतील (डिस्ट्रिब्युशन बोर्ड), खटका वर केला की वीज परत येई. मोटर पुन्हा लावली की कधी ती व्यवस्थित चाले, तर कधी पुन्हा अंधार होई. वायरमन आले आणि त्यांनी स्वाभाविकपणे मोटरीवर संशय घेतला. मोटरीचे वाइंडिंग नव्याने भरून आणले, कपॅसिटर बदलला, शेवटी डीबीतील खटकाही नवा बसवला, तरी दर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस तोच प्रकार घडत राहिला. जवळजवळ दीड महिन्याने दोष सापडला तो मोटरीपासून बराच लांब, दिवाणखान्याच्या भिंतीत होता. ज्या क्रमाने आम्ही अखेरीस शोध घेतला तो क्रम, आणि त्या निमित्ताने मी जे समजून घेतले ते, येथे सविस्तर लिहीत आहे, कारण हाच क्रम पहिल्या दिवशी पाळला असता तर मोटर भरण्याचा खर्च आणि दीड महिन्याचा मनस्ताप दोन्ही टळले असते.

त्याआधी एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. खटके वर-खाली करणे, उपकरणांचे प्लग काढणे आणि नोंद ठेवणे एवढे काम घरातील कोणीही जाणते माणूस कोरड्या हातांनी आणि पायात चप्पल घालून करू शकते. डीबीचे झाकण उघडणे, तारा सोडवणे आणि मीटर लावून मोजणे हे काम परवानाधारक वायरमनचेच आहे, कारण मेन स्विच बंद केल्यावरही मीटरकडून त्या स्विचमध्ये येणारी तार जिवंतच असते. डीबीतून जळका वास येत असेल, खटका हाताला चटका देण्याइतका गरम लागत असेल, डीबीत पाणी झिरपले असेल किंवा नळाला, गीझरला, फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर पुढचे काहीही करून पाहू नये. मेन स्विचपर्यंत कोरड्या जागेवरून पोहोचता येत असेल तरच तो बंद करावा आणि वायरमनला बोलवावे.

आधी नेमके काय पडते ते पाहावे

आमच्या शेजारचे काका नोकरीची सारी वर्षे विद्युत खात्यात होते. मी त्यांच्याकडे तक्रार घेऊन गेले तेव्हा त्यांनी मोटरीविषयी एकही प्रश्न विचारला नाही. “अगं, खटका कोणता पडतो ते आधी सांग,” एवढेच ते म्हणाले. मी म्हटले, “काका, एमसीबी पडते.” त्यावर ते स्वतः उठून आमच्याकडे आले आणि डीबीसमोर उभे राहून त्यांनी दाखवले, की मी जिला एमसीबी म्हणत होते ती एमसीबी नव्हतीच.

आपण बोलताना डीबीतील प्रत्येक खटक्याला एमसीबी म्हणतो, परंतु तेथे निदान तीन वेगळ्या कामांची साधने असतात. एमसीबी ही तारेतून मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह गेला तर पडते. तिचे काम तारेला आणि पर्यायाने घराला आगीपासून वाचवण्याचे आहे. आरसीसीबी, जिला बरेच जण अजूनही जुन्या सवयीने ईएलसीबी म्हणतात, ती प्रवाह किती आहे याकडे पाहतच नाही. फेजमधून घरात गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला की नाही, एवढेच ती तपासते, आणि फरक पडला तर तो फरक कुठेतरी जमिनीत, कदाचित माणसाच्या शरीरातून, जात आहे असे मानून वीज तोडते. तिच्यावर ‘टेस्ट’ किंवा नुसते ‘टी’ असे लिहिलेले छोटे बटण असते आणि ३० मिलिअँपिअर किंवा ०.०३ अँपिअर असा आकडा छापलेला असतो, त्यावरून ती ओळखावी. तिसरे साधन म्हणजे आयसोलेटर, जो दिसायला हुबेहूब मोठ्या एमसीबीसारखा असला तरी निव्वळ हाताने चालवायचा स्विच असतो आणि स्वतःहून कधीच पडत नाही. काही डीबींत आरसीबीओ असतो, जो एमसीबी आणि आरसीसीबी या दोघींचे काम एकटा करतो. तो पडला तर कारण दोन्हींपैकी कोणतेही असू शकते.

हा भेद इतका महत्त्वाचा आहे की त्यावाचून पुढचा सगळा तपास चुकीच्या दिशेने जातो. आमच्याकडे पडत होती ती आरसीसीबी होती, म्हणजे प्रश्न जास्त भाराचा नव्हताच, आणि आम्ही मात्र मोटर किती प्रवाह घेते याच विचारात पंधरा दिवस घालवले होते. डीबीतील एकही खटका पडलेला नसताना घरात अंधार झाला असेल, तर शेजारी दिवे आहेत का ते पाहावे आणि वीजपुरवठ्याच्या तक्रारीसाठी १९१२ या क्रमांकावर कळवावे. तो विषय या लेखाच्या बाहेरचा आहे.

काकांनी दुसरी गोष्ट करायला लावली ती वही ठेवण्याची. दिवस, वेळ, कोणता खटका, त्या क्षणी कोणती उपकरणे चालू होती, शेवटचे बटण कोणते दाबले, त्यानंतर किती वेळाने खटका पडला, आणि त्या दिवशी पाऊस होता का, एवढे लिहायचे. दहा दिवसांच्या नोंदींत जे दिसते ते कोणत्याही वायरमनला अर्ध्या तासाच्या भेटीत दिसू शकत नाही, कारण वायरमन आला असताना असा दोष प्रकट होईलच असे नाही.

एमसीबी पडत असेल तर

एमसीबीच्या आत दोन यंत्रणा असतात आणि खटका किती वेळाने पडला यावरून त्यांपैकी कोणती चालली ते कळते. पहिली म्हणजे दोन धातू एकमेकांना जोडून केलेली पट्टी, जी प्रवाहाने तापली की वाकते आणि हळूहळू खटका पाडते. दुसरी म्हणजे विद्युतचुंबकाचे वेटोळे, जे प्रवाह एकदम अनेक पटींनी वाढला की क्षणात खटका ओढून पाडते. बटण दाबल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी पडणारी एमसीबी आणि बटण दाबताच पडणारी एमसीबी ही म्हणूनच दोन निराळी दुखणी आहेत.

सावकाश पडणाऱ्या एमसीबीबाबत सर्वांत जास्त गोंधळ होतो तो ‘एक दिवस पडते, एक दिवस पडत नाही’ या तक्रारीमुळे, आणि त्याचे उत्तर एमसीबीच्या मानकातच आहे. आयएस/आयईसी ६०८९८ या मानकानुसार १६ अँपिअरच्या एमसीबीतून १.१३ पट, म्हणजे सुमारे १८ अँपिअर, प्रवाह गेला तर ती तासभर पडता कामा नये, आणि १.४५ पट, म्हणजे सुमारे २३ अँपिअर, गेला तर ती तासाच्या आत पडलीच पाहिजे. या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात ती पडेल किंवा पडणार नाही. दोन्ही वागणुकी मानकाला धरूनच आहेत. आता सकाळचे घर डोळ्यांसमोर आणावे. २३० व्होल्टवर २००० वॅटचा गीझर ८.७ अँपिअर घेतो, १५०० वॅटची पाणी उकळण्याची विजेची किटली ६.५ आणि १००० वॅटची इस्त्री ४.३ अँपिअर घेते. तिन्ही एकाच एमसीबीवर असतील तर बेरीज १९.५ होते, म्हणजे नेमकी त्या मधल्या पट्ट्यात. गीझर लवकर तापून आपोआप बंद झाला तर एमसीबी टिकते, थंडीत तो जास्त वेळ चालला तर पडते. अशा वेळी एमसीबीत दोष आहे असे समजून ती बदलणे व्यर्थ आहे; जी उपकरणे एकाच खटक्यावर आहेत ती एका वेळी चालवू नयेत, किंवा गीझरसाठी डीबीपासून स्वतंत्र तार आणि स्वतंत्र एमसीबी घ्यावी.

कोणत्या खटक्यावर काय आहे हे बहुतेक घरांत कोणालाच ठाऊक नसते. आम्ही एका रविवारी एकेक एमसीबी बंद करत सगळ्या खोल्यांतून फिरलो आणि प्रत्येक खटक्याखाली कागदाची पट्टी चिकटवली. तेव्हा कळले की स्वयंपाकघरातील मिक्सरचा सॉकेट आणि वरच्या मजल्यावरील न्हाणीघरातला गीझर एकाच तारेवर आहेत, जे कोणत्या तरी काळी सोयीपुरते केलेले काम असावे.

याच टप्प्यावर एक सल्ला हमखास मिळतो. “भाभीजी, लोड ज्यादा है, बत्तीस की डाल देता हूँ,” असे आमच्याकडे आलेल्या एका वायरमननेही सांगितले होते. हा सल्ला कधीही मानू नये. एमसीबीचा आकडा उपकरणांकडे पाहून नव्हे, तर भिंतीतील तारेच्या जाडीकडे पाहून ठरतो. दिव्या-पंख्यांच्या १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेवर ६ किंवा १० अँपिअर, सॉकेटच्या २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेवर १६ किंवा फार तर २० अँपिअर आणि ४ चौरस मिलिमीटरच्या तारेवर २५ अँपिअर, एवढ्या मर्यादेत राहणे सुरक्षित मानले जाते. २.५ च्या तारेवर ३२ ची एमसीबी बसवली की खटका पडणे थांबते हे खरे, परंतु त्यानंतर ३० अँपिअर प्रवाहाने पाइपातील तार तासन्‌तास तापत राहते, तिचे आवरण कडक होऊन तडकते आणि तो प्रवाह तोडायला डीबीत कोणीही उरत नाही. लहान मुले आणि वयस्क माणसे असलेल्या घरात हे काम एखाद्या कुशल कारागिराने सहज हसत करून जावे याचे मला फार वाईट वाटते.

हिशेब मर्यादेत असूनही एमसीबी सावकाश पडत असेल तर तिच्या तोंडाशी तार सैल आहे का ते वायरमनकडून पाहून घ्यावे. सैल जोड तापतो, ती उष्णता आतल्या पट्टीपर्यंत जाते आणि प्रवाह कमी असतानाही पट्टी वाकते. तारेचे टोक काळवंडलेले किंवा आवरण वितळलेले असणे ही त्याची खूण. जुन्या घरांत ॲल्युमिनियमच्या तारा असतील तर हा दोष पुन्हा पुन्हा उद्‌भवतो, कारण दाबाखाली ॲल्युमिनियम हळूहळू पसरते आणि आवळलेला स्क्रू काही महिन्यांत ढिला पडतो. शिवाय एमसीबीवरचा आकडा ३० अंश सेल्सिअस तापमान धरून दिलेला असतो. माळव्यातील मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीवरील बंद लोखंडी डीबीच्या आत त्याहून बरेच जास्त तापमान असते, म्हणून हिवाळ्यात कधी न पडणारी एमसीबी उन्हाळ्याच्या दुपारी एसी चालू असताना पडू शकते.

बटण दाबताच पडणाऱ्या एमसीबीची दोन कारणे असतात. एखादे उपकरण लावताच दरवेळी पडत असेल आणि ते काढल्यावर टिकत असेल, तर त्या उपकरणात किंवा त्याच्या वायरीत शॉर्ट आहे. सगळे प्लग काढूनही टिकत नसेल तर शॉर्ट भिंतीत किंवा स्विचबोर्डात आहे, आणि अशा वेळी खटका पुन्हा पुन्हा वर करू नये, कारण प्रत्येक वेळी शेकडो अँपिअरचा झटका त्याच जागेतून जातो.

दुसरे कारण निर्दोष असते. मोटर सुरू होताना क्षणभर तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. एक अश्वशक्तीची मोटर चालताना सुमारे ६ अँपिअर घेत असेल तर सुरू होताना ती तीस-चाळीसपर्यंत जाते. बी प्रकारची एमसीबी तिच्या आकड्याच्या तीन ते पाच पटींत क्षणात पडते, तर सी प्रकारची पाच ते दहा पटींत. म्हणून ६ अँपिअरची बी एमसीबी मोटरीला टिकणार नाही, पण १० अँपिअरची सी एमसीबी टिकेल. आकड्याच्या आधी छापलेले अक्षर पाहून हे कळते. मात्र वर्षानुवर्षे टिकलेली सी एमसीबीच अचानक पडू लागली असेल, तर पंपाचा पंखा गाळाने अडकला आहे का, बेअरिंग जाम आहे का आणि कपॅसिटर उतरला आहे का ते पाहावे. मोटर गुणगुणते पण फिरत नाही, ही या तिन्हींची सामायिक खूण आहे.

पडलेली एमसीबी परत लावताना दोन-तीन मिनिटे थांबावे, म्हणजे पट्टी थंड होते. काही खटके पडल्यावर मधल्याच स्थितीत राहतात. ते आधी पूर्ण खाली दाबून मगच वर करावे लागतात. ‘एमसीबी वर बसतच नाही’ या तक्रारीमागे बरेचदा एवढेच असते.

आरसीसीबी पडत असेल तर

येथे तपास कठीण होतो, म्हणूनच ‘ही काढून टाका, आधी कुठे होती’ असे सांगणारे भेटतात. आरसीसीबी बायपास करणे म्हणजे घरातील माणसांचे संरक्षण काढणे होय, कारण एमसीबीला माणसातून जाणारा प्रवाह कधीच कळत नाही. माणसाच्या जिवाला धोका काही दशांश अँपिअरच्याही आत सुरू होतो, आणि १६ अँपिअरच्या एमसीबीच्या हिशेबी तो प्रवाह नसल्यासारखाच आहे.

आयएस १२६४० या मानकाप्रमाणे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५ च्या आत पडता कामा नये आणि ३० ला ०.३ सेकंदाच्या आत पडलीच पाहिजे. याचा अर्थ ती १८ किंवा २२ लाही पडू शकते. घरातील प्रत्येक संगणक, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर एसी यांच्या आतील फिल्टरमधून थोडी गळती नेहमीच होत असते, आणि अशी दहा-बारा उपकरणे एकाच आरसीसीबीवर असली की बेरीज वर जाते. नेहमीची गळती दहा मिलिअँपिअरच्या आत राहावी असे पाहावे. त्याहून जास्त असेल तर एका आरसीसीबीऐवजी दोन लावून घर विभागणे हा योग्य उपाय आहे. वायरमनकडे गळती मोजणारा क्लँप मीटर असेल तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकत्र त्याच्या जबड्यात घेऊन ही बेरीज थेट वाचता येते.

खरी गळती कुठे होते हे ऋतूवरून बरेचसे ओळखता येते. पहिल्या जोरदार पावसानंतर आरसीसीबी पडू लागली तर गच्चीवरचा दिवा, फाटकाजवळची बेल, ओल आलेल्या भिंतीतील स्विचबोर्ड आणि हौदाजवळील मोटरीच्या केबलचा सांधा ही पहिली ठिकाणे. पाऊस थांबून दोन दिवस ऊन पडले की दोष आपोआप जातो आणि आपण तो विसरतो. तो पुढच्या पावसात परत येतो. थंडीच्या सुरुवातीला पडू लागली तर गीझर पाहावा. त्याच्या कांबीच्या आतील पांढरी भुकटी ओल शोषून घेते, आणि कांबीला बारीक चीर गेली असेल तर गळती वाढते. बोअरवेलच्या जड पाण्याने क्षारांचा थर चढलेल्या कांबी लवकर चिरतात. याशिवाय स्विचबोर्डात शिरलेली पाल किंवा मुंग्यांचे वारूळ हेही कारण आमच्या ओळखीच्या दोन घरांत सापडले आहे.

नेहमीचा तपास असा करतात की सर्व एमसीबी खाली करायच्या, आरसीसीबी वर करायची, आणि मग एकेक एमसीबी वर करत जायचे. जिच्यासरशी आरसीसीबी पडेल त्या तारेवर दोष. नंतर त्या तारेवरचे सगळे प्लग काढून एकेक लावत उपकरण शोधायचे. येथे उपकरणाचे बटण बंद करणे पुरेसे नसते, प्लगच काढावा लागतो. या पद्धतीने बहुतेक गळती सापडते. आमच्याकडे ती सापडली नाही, आणि त्यामागचे कारण मला या सगळ्या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखे वाटते.

न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना लागले असल्यास

आमच्या वहीत दहा दिवसांत सात नोंदी झाल्या. चार वेळा मोटर लावताच आरसीसीबी पडली, एकदा गीझर आणि इस्त्री एकत्र चालू असताना, आणि दोनदा रात्री आठच्या सुमारास, जेव्हा घरात दिवे, पंखे आणि दूरदर्शन संच यांपलीकडे काहीही चालू नव्हते. पाण्याच्या दिवसाखेरीज सकाळी मोटर लागत नसे, म्हणून इतर दिवशी सकाळी मोटरीमुळे ती पडली नाही. काकांनी वही वाचली आणि मोटरीचा प्लग काढून ठेवायला सांगितला. त्या रात्री आठ वाजता ती पुन्हा पडली. त्यांनी मग सगळ्या एमसीबी खाली करून फक्त आरसीसीबी वर ठेवली, आणि काही वेळाने ती तशीही पडली.

सगळ्या एमसीबी बंद असताना आरसीसीबी पडते याचा अर्थ बहुतेक जण ‘आरसीसीबी खराब’ असा लावतात, आणि आम्हीही तो लावून एक नवी विकत घेतली होती. परंतु घरातील बहुतेक एमसीबी एकध्रुवी असतात, म्हणजे त्या फक्त फेज तोडतात. प्रत्येक खोलीचा न्यूट्रल डीबीतील पट्टीवर एकत्र जोडलेला असतो आणि एमसीबी खाली असतानाही तो आरसीसीबीमार्फत बाहेरच्या लाइनशी जोडलेलाच राहतो. घरात कुठे न्यूट्रल आणि अर्थची तार एकमेकांना लागल्या असतील, तर परतणाऱ्या प्रवाहाला दोन वाटा मिळतात, एक न्यूट्रलची आणि दुसरी अर्थिंगची. जो भाग अर्थिंगने जातो तेवढा आरसीसीबीला कमी भरतो. न्यूट्रलमध्ये जमिनीच्या तुलनेत थोडासा विद्युतदाब (व्होल्टेज) असतोच, आणि लाइनवरचा भार वाढला की तो वाढतो. म्हणून मोटर सुरू होतानाच्या मोठ्या प्रवाहाने आमची आरसीसीबी पडे, आणि रात्री आठला ती पडे तेव्हा भार आमचा नसून त्याच ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्या आळीचा असे. एकेक एमसीबी वर करण्याच्या पद्धतीत हा दोष दिसत नाही. उलट जो खटका वर करताना मोठा भार लागतो त्या निरपराध तारेवर आळ येतो. मोटरीवर आला तसा.

हा दोष शोधण्यासाठी वायरमनने मेन स्विच आणि आरसीसीबी दोन्ही बंद केल्या. दोन्ही द्विध्रुवी, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणाऱ्या, असल्याने आता घराचा न्यूट्रल बाहेरच्या लाइनपासून सुटा झाला. मग मल्टिमीटरने न्यूट्रलची पट्टी आणि अर्थची पट्टी यांच्यातील रोध मोजला. तेथे मीटरने काहीच जोड दाखवायला नको होता. दाखवले ७० ओहमच्या आसपास. त्यानंतर न्यूट्रलच्या तारा पट्टीवरून एकेक सोडवत गेले, आणि जिच्या सुटण्यासरशी आकडा एकदम वर गेला ती दिवाणखान्याची निघाली. साध्या टेस्टरने हे कधीच कळले नसते, कारण टेस्टर फक्त फेजला पेटतो.

दिवाणखान्यातील स्विचबोर्ड उघडून तारा पाहिल्या, त्या स्वच्छ होत्या. तेव्हा माझे लक्ष बोर्डाच्या बरोबर वर, छतापासून हातभर खाली असलेल्या एका स्क्रूकडे गेले. गणपतीच्या मखरामागे दिव्यांची माळ ताणण्यासाठी आमच्या दिरांनी तो ड्रिलने बसवला होता, आणि विसर्जनानंतर माळ काढली तरी स्क्रू तसाच राहिला होता. स्विचबोर्डाला जाणारा पाइप भिंतीत सरळ वरून खाली येतो. स्क्रू त्या पाइपात शिरून न्यूट्रलच्या तारेत रुतला होता आणि त्याचे गंजलेले टोक हिरव्या, म्हणजे अर्थच्या, तारेला खरचटून टेकले होते. तो सहा मिलिमीटर बाजूला असता तर फेजमध्ये शिरला असता, आणि मग त्या स्क्रूला हात लावणाऱ्याचे काय झाले असते हा विचार अजूनही माझ्या मनातून जात नाही. आठवून पाहिले तर आरसीसीबी पडण्याची पहिली वेळ गौरी-गणपतींच्या आठवड्यातलीच होती. हा धागा आम्ही आधी कधी जोडलाच नव्हता. स्विचबोर्डाच्या आणि सॉकेटच्या सरळ वर किंवा सरळ खाली भिंतीला छिद्र पाडू नये, ही सूचना तेव्हापासून मी घरात येणाऱ्या प्रत्येक सुताराला आणि पडदेवाल्याला देते.

न्यूट्रलचा आणखी एक प्रकार इन्व्हर्टर असलेल्या घरांत आढळतो. दोन खोल्यांचा किंवा दोन आरसीसीबींचा न्यूट्रल एकत्र बांधलेला असतो, किंवा इन्व्हर्टरच्या तारेवरील दिव्याचा फेज एकीकडून आणि न्यूट्रल दुसरीकडून घेतलेला असतो. मग एका आरसीसीबीतून गेलेला प्रवाह दुसरीतून परतू लागतो आणि गळती कुठेही नसताना खटके पडतात. नवीन इन्व्हर्टर बसवल्याच्या दिवसापासून त्रास सुरू झाला असेल तर आधी हेच तपासायला सांगावे.

दुरुस्ती झाल्यावर वायरमन जाण्यापूर्वी दोन मोजमापे करून घ्यावीत. पहिले म्हणजे सर्व प्लग काढून आणि दिव्यांची बटणे बंद करून ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे तारांच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या मीटरने, फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ हा रोध मोजणे. तो निदान एक मेगओहम तरी असला पाहिजे, आणि चांगल्या वायरिंगमध्ये त्याहून कितीतरी जास्त असतो. दुसरे म्हणजे आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून ती पडते याची खात्री करणे, जे पुढे महिन्यातून एकदा घरातल्यांनीच करायचे असते. बटण दाबूनही ती पडली नाही तर त्याच दिवशी बदलावी. आमच्या दिवाणखान्यातील तार पाइपातून ओढून संपूर्ण नवी घातली, मध्ये सांधा ठेवला नाही, आणि स्क्रूचे छिद्र बुजवले. मेगरचे आकडे आणि तारीख डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवली आहे. वरच्या मजल्यावरचा गीझर मिक्सरच्या तारेवरून सोडवून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरच्या तारेवर घेण्याचे काम तेवढे अजून राहिले आहे, आणि ते होईपर्यंत आम्ही ही दोन्ही एका वेळी चालवत नाही.